चौघींनी मिळून शिवलेली गोधडी

गोधडी घरी शिवायची म्हटलं की पहिला प्रश्न कापडाचा येतो, आणि माझ्या मते अर्धी मजा तिथेच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर कराडच्या मावशी मुलाकडे राहायला आल्या, त्यांच्या दिवाणावर एक वाकळ, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, पसरलेली होती, हाताला इतकी मऊ लागली की मी तिथेच फतकल मारून बसले आणि म्हटलं मावशी, हे मला शिकवा. त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? कापड आण, चार बायका आण, आपसूक हुतंय." कापडाचं लगेच कळलं, चार बायका कशाला ते शिवायला बसल्यावर कळलं, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

मग मी आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं की जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं, परकर, पोरांचे शर्ट, जे असेल ते फेकू नका, बोहारणीला देऊ नका, माझ्याकडे आणा. बघता बघता हॉलमध्ये गाठोडी जमली. मावशी खाली आल्या, चष्मा लावला आणि एकेक कापड निवडायला बसल्या, आणि ते निवडणं खरंच बघण्यासारखं होतं. आधी दोन्ही हातांनी कापड आडवं ताणायचं, मग उभं, चर्र असा बारीक आवाज आला की ते बाजूला. विरलेलं कापड आतल्या थरात चालतं पण वर लावलं तर पहिल्या दोन धुण्यांतच फाटतं. सुती आहे की मिक्स अशी शंका आली की कडेचा एक धागा ओढून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळतो आणि चिमटीत घेतली की राख मोडते, नायलॉन टेरिकॉट असेल तर वितळून टोकाला टणक मणी होतो. दुकानात 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या दोन साड्यांचे असे मणी झाले, त्या परत घडी करून ज्यांच्या त्यांना दिल्या. सिंथेटिक कापड घाम शोषत नाही आणि मुख्य म्हणजे सुती थरांमध्ये ते सरकतं, वर कितीही टाके घाला आत त्याचा गोळा होतोच. जरीही नको, ती टोचते आणि दोरा कापते. जीन्सचं कापड दणकट म्हणून हौसेनं सगळेच देतात पण सहा थरांवर जीन्स आली की सुई पुढे जात नाही, त्याच्या पिशव्या शिवाव्यात, गोधडीत घालू नये.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती बेळगावच्या मैत्रिणीनं आणलेल्या इरकल लुगड्यावर. तिच्या आजीचं होतं. अंग गर्द हिरवं सुती, पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. इरकलमध्ये अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळा असतो, दोन्ही मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात, तोप तेणी म्हणतात त्याला, आणि जवळून पाहिलं तर तो सांधा स्पष्ट दिसतो, सुती संपून रेशीम सुरू होतं ती ओळ. तिनं ते गाठोड्यात आणलं खरं पण कात्री लावायची वेळ आली तेव्हा ती गप्पच झाली. मावशींनी लुगडं पूर्ण उलगडलं आणि उजेडाकडे धरलं. घडीच्या प्रत्येक रेषेवर कापड चिरलेलं. "घडीत ठिवलं तरी कापड टिकत न्हाई बाई, घडीवरच चिरतंय ते. अंगावर घेतलं तर तरी वापरात ऱ्हाईल," असं त्या म्हणाल्या, आणि मग मैत्रिणीनं स्वतःच कात्री मागितली. जुन्या कापडावर जीव असणाऱ्या प्रत्येकीनं हे एकदा तपासून बघावं असं मला मनापासून वाटतं, कपाटातल्या त्याच त्या घडीवर हात फिरवून.

आता हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. नऊवारी साधारण 8.2 मीटर असते. आम्हाला 6 फूट लांब आणि 4 फूट रुंद, एका माणसाची गोधडी हवी होती. 6 फूट म्हणजे 1.83 मीटर, त्याच्या चार घड्या म्हणजे 7.3 मीटर, म्हणजे लुगड्याचा पदर कापून घेतला तरी उरलेल्या अंगाचे बरोबर चार थर निघतात. हे चार थर पोटात, वर ठिगळांचा थर आणि खाली अस्तर, असे झाले सहा. पुण्याच्या थंडीला पुरेसे आहेत. सहावारी साडी असेल तर तिची तिहेरी घडी घातली की साधारण 6 फुटांचे तीन थर मिळतात, फक्त पन्हा, म्हणजे रुंदी, थोडा कमी पडतो, तिथे वेगळा काठ जोडायचा. आमच्या अस्तराला आम्ही हेच केलं, गडद निळी सुती साडी होती, तिला तिचाच काठ कापून बाजूला लावला. अस्तर गडदच घ्या, जमिनीवर अंथरली जाते ती बाजू.

कापड सगळं आधी धुऊन घ्यायचं. जुनं कापड आटून आटून शांत झालेलं असतं, पण मध्ये एखादा नवा कोरा तुकडा आला आणि तो न धुता लावला तर पुढे गोधडी धुतल्यावर तोच तेवढा आकसतो आणि भोवती सगळीकडे चुण्या पडतात. लाल, मरून आणि निळे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचे, रंग सुटला तर ते वरच्या थरात घ्यायचेच नाहीत.

सुया दोऱ्यासाठी आम्ही दोघी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. मावशींनी नीट बजावून पाठवलं होतं, दोरा सुतीच आणि जाड, पॉलिस्टरचा नको, तो चिवट असतो, स्वतः तुटत नाही आणि जुन्या कापडाला कापत जातो. लांब सुया, अंगुस्तान म्हणजे सुई ढकलायला बोटात घालायची टोपी, खडू आणि एक मेणबत्ती एवढंच सामान लागतं. मेणबत्तीवरून दोरा एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो आणि सहा थरांतून सर्रकन निघतो. बोहरी आळीत गेलं की माणूस एवढ्यावर थांबत नाही हे वेगळं, बटणं, लेस, लोकरीचे गुंडे, काय काय घेऊन आलो. त्या गल्लीत नुसतं फिरायला सुद्धा मला आवडतं.

वरचा थर तळमजल्यावरच्या काकूंनी अंगावर घेतला. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, त्यामुळे शिवायला बसणाऱ्या चौघींत त्या नव्हत्या, पण ठिगळं जोडायचं काम खुर्चीवर बसून मशीनवर होतं. मधोमध इरकलच्या पदराचा 2 फुटी चौकोन आणि भोवती 6 इंची ठिगळं. 8 ओळी गुणिले 12 म्हणजे 96 व्हायची, पदरानं 16 ची जागा घेतली, राहिली 80. शिलाईसाठी चारी बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडून प्रत्येक तुकडा 7 इंचाचा कापायचा. आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा साचा केला आणि संध्याकाळी सगळ्या जणी माझ्याकडे जमून कापत बसलो, मुलंसुद्धा खडूनं आखून द्यायला बसली. काकूंचा रंगाचा डोळा फार चांगला आहे. त्यांनी सगळे तुकडे जमिनीवर मांडायला लावले आणि खुर्चीवरून सांगत होत्या, तो पिवळा उचल, तिकडे टाक, दोन चौकड्या शेजारी नकोत, मध्ये एक साधा येऊ दे. माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टाचा फिका आकाशी, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कुर्त्याचं बाटिक, मावशींच्या परकराचं जांभळं. मांडून झाल्यावर मी वर स्टुलावर उभी राहून फोटो काढला, आणि तो फोटो बघून परत पाच सहा तुकडे इकडचे तिकडे झाले. हे मांडणं घाईनं उरकू नका. सुई लागल्यावर मग बदलता येत नाही.

आता अंथरणं. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाल्कनीत, फरशी पुसून कोरडी केली. आधी इस्त्री केलेलं अस्तर उलटं, त्यावर लुगड्याचे चार थर, प्रत्येक थर टाकला की दोघींनी समोरासमोर बसून हातानं मधून बाहेर सुरकुत्या काढत जायचं, मग दुसरा, आणि सगळ्यात वर काकूंचा ठिगळांचा थर. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, तांदळाचा डबा असलं वजन. मग कच्चे टाके. मावशींनी यात अजिबात सूट दिली नाही. कच्चे टाके मधून सुरू करून बाहेर कडेपर्यंत, वीतभर अंतरानं, म्हणजे राहिलेला घोळ कडेला निघून जातो. पदराचं रेशीम निसटतं म्हणून तिथे दुप्पट दाट टाचलं. आणि पक्की शिवण मात्र उलट, कडेवरून सुरू करून आत. चारी बाजूंनी एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकून दुसरी, मग तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. कच्चे टाके नीट नसतील तर सगळा फुगा मध्यावर येऊन बसतो आणि तिथे काहीच करता येत नाही.

टाका म्हणजे साधा धावदोराच. पण सहा थरांचा धावदोरा ब्लाउजच्या धावदोऱ्यापेक्षा वेगळा पडतो. डाव्या हातानं थर किंचित वर उचलून चिमटीत धरायचे, सुई सरळ खाली घालायची, टोक फरशीला लागल्याचं कळतं, तिथून ते वर वळवायचं, अशा तीन चार चिमट्या सुईवर घेतल्या की अंगुस्तानानं मागून ढकलायचं आणि मग दोरा ओढायचा. ओढताना कापड जेमतेम दबलं पाहिजे. जास्त ओढलं की चुणी पडते, सैल सोडलं की पायाच्या बोटात अडकतो. दोरा हातभरच घ्यायचा. गाठ वर दिसू द्यायची नाही, सुई दोन थरांच्या मधून घालून हलका झटका दिला की गाठ आत जाते, तो टप्प असा बारीकसा आवाज ऐकायला मला अजूनही आवडतं.

आणि इथे चार बायकांचं कोडं सुटलं. गोधडीला चार कडा असतात. पहिल्या फेरीत प्रत्येक कडेला एक जण बसते, आपापली कड शिवते, कोपऱ्यावर आली की दुसरीच्या टाक्याला आपला टाका भिडवते. लांब कडेला मावशी आणि समोर मी, आखूड कडांना बेळगावची आणि ऑफिसातली. एकटीनं शिवायचं म्हटलं तर दर वेळी उठून फिरावं लागतं किंवा गोधडी फिरवावी लागते आणि फिरवली की थर सरकतात. चौघी असल्या की ती जागची हलत नाही, वर आपलं वजनही तिच्यावर पडतं, ती ताठ राहते. शिवाय हात कामात असले की बोलणं वेगळंच होतं हो. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांची नजर सुईवर, त्यामुळे जे एरवी चहा पिताना बोललं जात नाही ते सहज बोललं जातं. ऑफिसातली मैत्रीण माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसते, पण तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल ती पहिल्यांदा बोलली ती इथे, मान खाली घालून, टाके घालत घालत. मावशींनी फक्त "हं" म्हटलं आणि तिच्या सुईत दोरा ओवून दिला.

मावशी सांगत होत्या की त्यांच्याकडे वाकळा उन्हाळ्यात शिवल्या जायच्या, शेतातली कामं सरलेली असायची, अंगणात किंवा ओसरीवर अंथरून आळीतल्या बाया बसायच्या, आज एकीची, उद्या दुसरीची. पैशाचा हिशेब नव्हता, जिची वाकळ तिनं दुपारचा चहा करायचा. आम्हीही तेच लावून घेतलं, फक्त अंथरूण माझ्या हॉलमध्ये असल्यामुळे बाकीच्या आळीपाळीनं खायला आणायच्या. शिवताना तेलकट हात चालत नाहीत, त्यामुळे भडंग आणि भजी बंद, शंकरपाळी आणि केळी चालू.

टाक्यांचं म्हणाल तर दोन तीन फेऱ्या झाल्यावर मावशी लांबून बघून ओळखायला लागल्या, हा कुणाचा टाका. त्यांचे स्वतःचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकसारखे, बेळगावचीचे किंचित लांब पण ओळ सरळ रेषेत, माझे दाट. ऑफिसातली डावखुरी आहे, ती उलट्या दिशेनं शिवत यायची, त्यामुळे तिच्या कडेला टाक्यांचा कल वेगळा दिसतो. तिनं विचारलं, उसवून परत घालू का. मावशी म्हणाल्या, "कशाला? तू शिवलंयस त्ये दिसायला नको व्हय?" आता गोधडीवर हात फिरवला तर डोळे मिटूनही कळतं आपण कुणाच्या बाजूला आहोत, आणि विकतच्या क्विल्टमध्ये नेमकं हेच मिळत नाही. तिथे मशीनची शिवण, आत पॉलिस्टरचा भराव, दिसायला छान, उबदारही असेल, पण हाताला कुणीच लागत नाही.

कोपऱ्यांची गंमत बेळगावच्या मैत्रिणीनं आणली. त्यांच्याकडे गोधडीला कौदी म्हणतात, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात ती तिनं जवळून पाहिली होती. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी इकडे आणले गेलेले, त्यातले बरेच पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून जंगलाच्या भागात येऊन राहिले. त्यांची कवंदीसुद्धा कडेकडून आत अशीच शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घातलेली त्रिकोणी फुलं लावतात, त्याला फुला म्हणतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. तिनं करून दाखवलं. छोटा चौकोन कर्णावर दुमडायचा, परत दुमडायचा, त्यावर थोडा लहान दुसऱ्या रंगाचा, त्यावर अजून लहान, अशी उतरंड करून उघड्या कडा कोपऱ्याच्या आत सरकवायच्या आणि टोक बाहेर ठेवून शिवून टाकायचं. खणाचे तुकडे होते, वरच्या थराला ते ताठ पडले असते, इथे मस्त बसले. मावशींनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चारही फुला हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वाकळंला बी लाव की गं." सत्तरी ओलांडलेल्या बाईनं नवीन टाका शिकायला हात पुढे करावा याचं मला फार कौतुक वाटलं, बेळगावच्या मैत्रिणीनं दुसऱ्याच दिवशी त्यांना शिकवलं.

मध्याकडे जाताना एक गोष्ट होते जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. फेऱ्या लहान होत जातात. सुरुवातीला चौघी लांब लांब बसलेल्या असतो, मग सरकत सरकत सगळ्या गोधडीवरच येतो, गुडघ्याला गुडघा लागायला लागतो, मग चौघींना जागा पुरत नाही, दोघीच शिवतात आणि दोघी सुया ओवून देतात, आणि शेवटचा हातभर चौकोन एकीलाच शिवावा लागतो. तो कुणी शिवायचा यावर वाद झालाच नाही. तिथे आजीचा पदर होता, बेळगावच्या मैत्रिणीनं शिवला. कच्चे टाके उसवायचं काम मुलांना दिलं, त्यांना ते फारच आवडलं, सोनसाखळीसारखे दोरे गोळा करत हॉलभर फिरत होती.

गोधडी बेळगावच्या मैत्रिणीच्याच घरी गेली. धुण्याचं एवढं सांगते, वॉशिंग मशीनमध्ये नको, ओली झाली की प्रचंड जड होते आणि फिरताना टाके तुटतात. बाथरूममध्ये साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून पायानं तुडवायची, दोघींनी धरून पाणी निथळू द्यायचं, पिळायची नाही, आणि कठड्यावर दुपदरी टाकून कडक उन्हात वाळवायची. आतून दमट राहिली तर वास धरते. पावसाळ्यात धुवूच नका.

सध्या माझ्या हॉलमध्ये लहान दुपटं अंथरलंय, अडीच फुटी, चारच थरांचं, मावशींच्या नातसुनेसाठी, तिचे दिवस पौषात भरतायत. बाळासाठी म्हणून वर खाली दोन्हीकडे सगळ्यात जुनं मलमल घेतलंय, दोराही नेहमीपेक्षा बारीक, आणि सगळ्या गाठी पोटात, कुठेही टोचता कामा नये. एवढ्याशा कापडाला चौघी लागत नाहीत खरं तर, दोघी पुरतात. तरी येतात सगळ्या, आणि काकूंनी खुर्चीवरून सांगितलंय की पुढची डबल बेडची घ्यायची, त्यासाठी दोन नऊवारी हव्यात.